बोर्डावरची ती बाई

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मी नगरजवळचं भिंगार सोडलं. नगरच्या माळीवाडा स्टँडवर अण्णा, आई आणि धाकटा भाऊ बाळू मला पुण्याच्या एसटीत बसवायला आले होते; पुण्याहून पुढं मुंबईची गाडी धरायची होती. अण्णा म्हणजे माझे वडील, छावणीतल्या ऑफिसरांच्या मेसमध्ये बेअरर. ड्युटीवरून तसेच आले होते, अंगात पांढरा कोट, फक्त कमरेचा पट्टा काढून खिशात कोंबलेला. गाडी सुटेपर्यंत ते माझ्याशी इंग्रजीत बोलत राहिले, आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं. टेक केअर ऑफ युवर हेल्थ, राइट लेटर एव्हरी वीक. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तिथं कुनाला दबू नको." मला दोघांचीही लाज वाटत होती. एकोणीस वर्षांच्या पोरीला लाज वाटायला फारसं कारण लागत नाही, पण मला ती जरा जास्तच वाटायची, हे आता कबूल करायला हवं.

हे लिहायला बसले ती कल्याणीमुळे. कल्याणी म्हणजे बाळूची नात. नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे आणि पुण्यात मोठी नोकरी मिळावी म्हणून मोबाईलवर इंग्रजी उच्चारांचा क्लास करते. गेल्या महिन्यात तिनं फोनवर विचारलं की आत्याआजी, तुझं इंग्रजी इतकं स्वच्छ कसं, जिभेला काय केलंस? मी हसून टाळलं. जिभेला काय केलं ते फोनवर सांगता येतं, बाकी काय काय केलं त्याला कागदच लागतो. शिवाय तिच्यासारखी गाव सोडायला निघालेली आणि माझ्यासारखी सोडून बसलेली माणसं आमच्याकडे घरटी एक आहेत. त्यांनीही वाचलं तर बरं.

मेसमध्ये येणाऱ्या एका मेजरसाहेबांची मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या बाईंनी अण्णांच्या शब्दाखातर फोर्टातल्या एका विलायती कंपनीत माझं नाव सुचवलं. जागा टेलिफोन ऑपरेटरची, म्हणजे स्विचबोर्डावर बसून बाहेरचे फोन आतल्या साहेबांना जोडून द्यायचे. अकरावीला मी इंग्रजीत शाळेत पहिली आलेली, त्यामुळे निर्धास्त होते. पहिल्याच दिवशी बोर्डाच्या सुपरवायझर मिसेस पिंटो यांनी मला चार ओळी वाचायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकल्या. मग म्हणाल्या, तुझं व्याकरण उत्तम आहे, पण तू बोलतेस ती मराठीच आहे, फक्त शब्द इंग्रजी आहेत. शेजारच्या दोन मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर कमी लागलं असतं.

मग रोज ऑफिस उघडायच्या आधी तासभर माझी शिकवणी सुरू झाली. तोंडासमोर मेणबत्ती धरायची आणि 'प्लीज' म्हणायचं. ज्योत हलली पाहिजे. माझी हलायची नाही, कारण आपला 'प' ओठांतल्या ओठांत राहतो. जोर लावला की विझायची. 'फाइव्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, सुरुवातीला आणि शेवटीही, तेही आरशात बघून. एका व ला दात, दुसऱ्याला ओठांचा चंबू. मी दोन्हीला एकच व लावत आले होते, अण्णाही आणि आमच्या शाळेतले मास्तरही. माप या अर्थाच्या 'मेझर' मधला झ तर आपल्याकडे नाहीच, तो यायला मला दीड महिना लागला. वसतिगृहाच्या मोरीत मी नाइन, नाइन, फाइव्ह, थ्री करत कपडे आपटायची आणि बाहेर खोळंबलेल्या मुली वैतागायच्या. सगळ्यात अवघड गेलं ते आवाज खाली आणणं. आमच्याकडे टेलिफोनवर बोलणं म्हणजे नगरहून पुण्यापर्यंत हाक मारणं. मिसेस पिंटो म्हणायच्या, आवाज तार नेते, तू नेऊ नकोस.

स्वच्छ बोलायला शिकण्यात वाईट काही नाही, हे कल्याणीला मुद्दाम सांगते. समोरच्याला नीट कळावं म्हणून जीभ वळवली तर त्यात कसला कमीपणा? पण शिकता शिकता एक गोष्ट नकळत आत शिरते. जे रोज पुसून काढायचं ते घाणच असणार, असं वाटायला लागतं. चौथ्या महिन्यात अण्णांचं इंग्रजी पत्र आलं. वाचताना ते मला त्यांच्या उच्चारांत ऐकू यायला लागलं आणि ऐकवेना. मी ते अर्धं वाचून उशीखाली सारलं. साहेबांच्या खुर्चीमागे पंचवीस वर्षं उभं राहून, नुसतं ऐकून ऐकून त्या माणसानं ती भाषा मिळवली होती. त्याच्यासमोर कुणी मेणबत्ती धरली नव्हती.

बोर्डाचे नियम दोन. बोर्डावर इंग्रजीशिवाय एक शब्द नाही आणि ऑपरेटरला खासगी फोन नाही. पहिले सहा महिने नोकरी कच्ची. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिसेस पिंटो दुसरा हेडफोन लावून शेजारी बसायच्या आणि शब्द न् शब्द ऐकायच्या. माझ्या आधी लागलेली एक मुलगी मावसभावाशी फोनवर दोन वाक्यं बोलली म्हणून घरी गेली होती. मला घरी जायचं नव्हतं. गेले असते तर शेवगावच्या आतेभावाशी माझं लग्न लागणार, हे सगळे धरूनच चालले होते. आणि माझी सुमन विलायती कंपनीत साहेबांशी बोलते, हे अण्णांनी अख्ख्या मेसला ऐकवून झालं होतं. त्यांना तोंडघशी पाडायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला मुंबई हवी होती.

त्या शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, बोर्डावर दिवा लागला. एक्स्चेंजची बाई म्हणाली, अहमदनगर ऑन द लाइन. मी 'गुड आफ्टरनून' म्हणून कंपनीचं नाव घेतलं. पलीकडे अण्णा होते.

"गुड आफ्टरनून, मॅडम. धिस इज मिस सुमन्स फादर. काइंडली कॉल हर."

वाक्य पाठ करून आणलेलं होतं, ते लगेच कळत होतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी मिसेस पिंटोंकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्या हातात पेन्सिल धरून समोरच्या कागदाकडे बघत होत्या. मी म्हटलं, सॉरी सर, मिस सुमन इज नॉट अव्हेलेबल, मे आय टेक अ मेसेज? दात ओठावर जिथं टेकायला हवे होते तिथंच टेकले.

अण्णा अडखळत सांगायला लागले. आईचं ऑपरेशन ठरलंय, गर्भपिशवीचं, परवा शुक्रवारी, नगरच्या दवाखान्यात. ती घाबरलीय आणि भूल द्यायच्या आधी एकदा मुलीचा आवाज ऐकायचाय म्हणते. मग वन मिनिट म्हणून त्यांनी रिसीव्हर आईच्या हातात दिला. कॉल लागावा म्हणून दोघं सकाळी नऊपासून भिंगारच्या पोस्टात बसून होती, हे मला नंतर बाळूनं सांगितलं. आईनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फोन कानाला लावला होता.

"बाई," आई म्हणाली, "तुमाला मराठी येतं का?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही, हेच मला सर्वांत जास्त खुपतं. थोडी तरी अडखळले असते, आवाज कापला असता, तर आज स्वतःची बाजू घ्यायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. मी म्हटलं, "आय ॲम सॉरी, मॅडम. आय डोन्ट अंडरस्टँड."

आईनं अण्णांकडे वळून बोललेलं तारेतून स्पष्ट ऐकू आलं. "हिला मराठी येत न्हाई. मंग ही सुमीला काय सांगनार?" ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली आणि लाइन तुटली.

आलेल्या प्रत्येक निरोपाची चिठ्ठी करायची पद्धत होती. मी चिठ्ठी केली. अहमदनगरहून फोन, मिस सुमन यांच्यासाठी, आईचं ऑपरेशन, शुक्रवार. भिंतीवरच्या कप्प्यांत माझ्या नावाचा कप्पा होता, त्यात ती ठेवून पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. संध्याकाळी निघताना ती स्वतःच काढून घेतली.

मिसेस पिंटोंनी नाव, गाव, सगळं ऐकलं होतं. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, व्हेरी क्लिअर, आता काही खूण उरली नाही. सोमवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं. पुष्कळ वर्षांनी, त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी, मी त्यांना तो फोन आठवतो का म्हणून विचारलं. त्यांना आठवत होता. म्हणाल्या, तू वळून एकदा विचारलं असतंस तर मी बोलू दिलं असतं, मला वाटलं तुलाच नकोय. खरं बोलल्या की निरोपाच्या दिवशी चांगलं वाटावं म्हणून बोलल्या, देव जाणे. मी विचारलं नव्हतं एवढं मात्र खरं.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी पत्र टाकलं, निरोप मिळाला पण रजा नाही म्हणून. संक्रांतीला घरी गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, वाळून निम्मी झालेली. तब्येतीचं बोलून झाल्यावर तिनं पहिली चौकशी त्या बाईची केली.

"मराठी येत न्हाई म्हनली. पर तिला समदं कळलं हुतं, मी सांगते. जपून ऱ्हा गं तिच्यापास्नं."

अण्णांना ते पटलं नाही. उगाच कुणाला बोलू नये, म्हणाले. काय तिचं इंग्रजी, अगदी मेमसाहेबासारखं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की सुमे, बोलावं तर तसं. मी मान डोलावली. मेसमध्येही त्यांनी त्या बाईच्या इंग्रजीचं कौतुक सांगितलं होतं. माझ्या इंग्रजीला माझ्या बापाकडून मिळालेली ती एकमेव शाबासकी, आणि ती घ्यायला मला तोंड नव्हतं.

तेव्हापासून ती बाई आमच्या घरातलीच झाली. मी जेव्हा जेव्हा जायची तेव्हा आई विचारायची, हाय का अजून ती? मी म्हणायची, आहे. बाळूच्या लग्नाला मी अक्षतांच्या वेळेला पोचले, तर आईनं पाहुण्यांना सांगितलं की हिच्या हापिसात एक सटवी हाय, ती सोडत न्हाई वेळेवर. मुंबईत माझं लग्न झालं, मुलं झाली, भिंगारला जाणं वर्षातून एकदावर आलं, मग दोन वर्षांतून एकदा. तेही तिच्याच माथी गेलं. मी एकदाही नाही म्हटलं नाही. सोयीचं होतं ते. आणि गेले तरी मी तिथं बोलायची ते आता मनात जुळवून बोलायची. 'हाय' आणि 'न्हाई' तोंडातून नीट निघायचं, अगदी हवं तिथं, शिकवल्यासारखं. शेजारणी म्हणायच्या, सुमी बदलली नाही हं. त्या मला हवं तेच म्हणत होत्या.

ती बाई कोण हे न कळताच अण्णा गेले. मी निवृत्त झाले तेव्हा आई ऐंशीला आली होती. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच महिनाभर भिंगारला राहिले. एका सकाळी ती दाराशी उन्हात बसली होती, मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिनं विचारलं, सुटलीस ना आता तिच्यातनं? तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, दुसरी कुणी बाई नव्हतीच, तुझ्याशी फोनवर मीच बोलले होते. मराठी येत नाही असं मीच म्हणाले होते. मी रडत होते, आणि तिनं मला मारावं किंवा जवळ घ्यावं, काहीही चाललं असतं.

आई रागावली नाही. तिला माझी कीव आलेली दिसली.

"गप," ती म्हणाली. "तिच्यावरचं आपल्या अंगावर घेऊ नगस. तिचा आवाज मी माज्या कानानं ऐकलाय. पोटच्या पोरीचा आवाज मला वळखू येनार न्हाई व्हय?"

मी दोनदा, तीनदा सांगून पाहिलं. तिनं मान्य केलं नाही. शेवटी म्हणाली की बरी साधीभोळी पोर माझी, म्हणून तर त्या बाईनं तिला इतकी वर्षं दाबून ठेवली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून भिंगार सांगते. कल्याणीचा फोन येतो, बाळूच्या सुना अगत्यानं बोलावतात, माझ्यासाठी खोलीही आहे. पण घर म्हणजे काय, तर माझ्या आईनं शेवटपर्यंत मला त्या बाईपासून सांभाळलं, तेवढंच होतं ते. आता त्या बाईपासून मला सांभाळणारं तिथं कुणी नाही.