आमच्या खुर्च्या, त्याचा अर्ज

मी चौथी शिकलेला माणूस. तरी बोरीत आमचं मंडळ मीच उभं केलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की चाकाची खुर्ची, वॉकर, लोखंडी पलंग आमच्याकडून फुकट न्यायचा. माणूस बरा झाला, नाहीतर गेला, की परत आणून द्यायचा. मागणारे वाढले, खुर्च्या होत्या चार आणि पलंग दोनच. लोक आपली म्हातारी माणसं फरशीवर निजवून पलंगाची वाट बघायचे.

तेव्हा कळलं, परभणीत एक फाउंडेशन आहे. इथूनच बाहेरगावी गेलेली माणसं त्यात पैसा घालतात आणि जिल्ह्यातल्या लहान संस्थांना देतात. मी अर्ज लिहिला आणि जिंतूरच्या एका मोठ्या संस्थेच्या अध्यक्षाला दाखवायला नेला. त्यानं तो चार लोकांत मोठ्यानं वाचला. सगळे हसले.

"काका, फाउंडेशन हाय हे, ग्रामपंचायत न्हाई. ऱ्हाऊ द्या, मी लिहितो. तुमच्या कामाचे फोटो तेवढे पाठवा."

पाठवले. दोन महिने "होतंय काका, होतंय" ऐकलं. मग एका सकाळी तो टेम्पो घेऊन दारात.

"चारी खुर्च्या आजच्या दिवस द्या. फाउंडेशनच्या बाई बघायला यायल्यात."

"मग आमच्याकडं का न्हाई येत?"

"अर्ज माझ्या संस्थेच्या नावानं टाकलाय. तुमचं आमचं एकच की, काका!"

डोक्यात जाळ झाला. पण आवाज चढवला नाही.

"न्या की. पण पेशंटबिगर खुर्ची हलत न्हाई आमची. वहीत नाव, आजार लिहा. तुमच्याच हातानं लिहा, माझं अक्षर हसण्याजोगं हाय."

घाईत त्यानं चारी ओळींत स्वतःचंच नाव लिहिलं. आजार? हसत हसत लिहिलं, लकवा.

दुपारी वही काखेत मारून मी एसटीनं जिंतूर गाठलं. त्याच्या संस्थेत बॅनर, आमच्या खुर्च्यांची रांग आणि हा बाईंना शाल देत उभा.

मी दारातूनच विचारलं, "पेशंट उभा कसा काय?"

बाई म्हणाल्या, "कोण पेशंट?"

"हे काय, शाल द्यायलेत ते. सकाळीच लकवा झालाय. चार खुर्च्या लागल्या."

बाईंनी ते पान वाचलं, मग कुणी कधी काय नेलं ती आमच्या मंडळाची मागची सगळी पानं वाचली. त्याचं तोंड उतरलं.

"काका, बाजूला चला, बोलू."

"बाजूला कशाला? माझा अर्ज चार लोकांतच वाचला होता ना?"

असं लय दिवसांत गोड लागलं नव्हतं काही.

बाई मला म्हणाल्या, "अर्ज तुम्हीच लिहा. अक्षर कसंही चालतं. तुमच्याकडं काय आहे, कुणाला काय कमी पडतं, ते तुमच्या शब्दांत पाहिजे. नोंदणीचा आणि ऑडिटचा कागद जोडा." मी लिहिलं: पलंग दोन, वाट बघणारे नऊ, त्यातले तिघं फरशीवर. तेवढंच.

अर्ज मंजूर झाला. सहा पलंग परभणीहून टेम्पोत घातले. वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "काका, बोरी मागं राहिली."

"राहू दे. जिंतूरला घे."

त्याच्या फाटकासमोर टेम्पो थांबवला आणि तो बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवायला लावला. पलंगांना तासभर उशीर झाला, तेवढं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.