साकवापर्यंत बाई

माझी मुलगी पहिलीत दाखल झाली, तेव्हा तिची वर्गशिक्षिका मीच होते. तळेघरपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर एक वाडी आहे. तिथल्या शाळेत आम्ही दोनच शिक्षक होतो. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी तळेघरात एक खोली घेऊन राहत असे. यजमान घोडेगावला नोकरीला होते. ते शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येत आणि सोमवारी सकाळी परत जात. मुलीला तळेघरच्या शाळेत घातले असते, तर शाळा सुटल्यापासून मी परतेपर्यंत तिला सांभाळायला घरी कोणी नव्हते. म्हणून ती माझ्याबरोबर चालत येऊ लागली आणि माझ्यासमोर पहिल्या ओळीत बसू लागली.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण उभी राहिली. मुलगी मला वर्गात ‘आई’ म्हणे. तिचे ऐकून शेजारची म्हणू लागली, आणि शनिवारपर्यंत दोन्ही इयत्ता मला ‘आई’ म्हणू लागल्या. ‘आई, ह्यानी माजी पेन्सिल घेतली.’ ‘आई, मी पानी पिऊन येऊ?’ एका मुलाने घरी जाऊन सांगितले, की शाळेतली आई मारत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची खरी आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. मला खालपासून वरपर्यंत पाहून ती म्हणाली, ‘आसंल बया. माजं लेकरू तुमाला द्येऊन टाकते, चार दिस सांबाळून दावा.’

मला नियमांची आवड आहे. नियमाची हद्द डोळ्यांना दिसणारी असली, की लहान मुलांना तो पाळता येतो, हे मी पुढे अनेक नव्या शिक्षकांना सांगितले. आमच्या वाटेवर एक ओढा होता आणि त्यावर दोन ओंडक्यांवर फळ्या टाकून केलेला साकव होता. मी मुलीला तिथे उभे करून सांगितले, ‘साकवाच्या त्या बाजूला मी बाई. या बाजूला आई.’ तिने साकवाची दोन्ही टोके नीट पाहिली आणि विचारले, ‘आणि मध्ये?’ मध्ये कोणी बोलायचे नाही, पाय घसरतो, असे मी सांगितले.

नियम माझा होता. तो पाळला मात्र तिने, माझ्याहून काटेकोरपणे. सकाळी साकवाशी पोहोचलो की ती थांबे आणि भराभर म्हणे, ‘आई, आई, आई, आई.’ काय झाले म्हणून विचारले, तर ‘काही नाही, दिवसभराचं म्हणून घेते.’ संध्याकाळी ती पुढे पळत जाऊन साकव ओलांडे आणि पलीकडून ओरडे, ‘आई, चल ना लवकर.’ मी अलीकडे असे. मी गंभीरपणे म्हणे, ‘तुम्ही ज्यांना हाक मारताय, त्या इथे नाहीत.’ मग ती हसून हसून खाली बसे.

एकदा मधल्या सुट्टीत तिच्या पायात काटा मोडला. ती दुपारभर लंगडत होती. खेळताना मुरगळला असेल, असे मला वाटले. साकव ओलांडताच ती वाटेतच बसली आणि पाय पुढे करून म्हणाली, ‘आई, काटा.’

‘दुपारीच का नाही सांगितलंस?’

‘दुपारी बाई होत्या ना. बाईंना कुणी पाय दाखवतं का?’

ही गोष्ट मी त्या काळी सगळ्यांना कौतुकाने सांगितली. मुलीची शिस्त पाहा, असा माझा रोख असे.

हळूहळू ती साकवापलीकडच्या बाईंविषयी माझ्याकडे तक्रारी करू लागली. त्या बाईंशी माझी ओळखही नसावी अशा सुरात मी त्या तक्रारी ऐकत असे, आणि मला ते फार आवडे.

‘आज मी दोनदा हात वर केला, तरी बाईंनी मला विचारलं नाही.’

‘असं? बोलते मी त्यांच्याशी.’

‘त्यांचा स्वभावच तसा आहे. सकाळी निऱ्या नीट बसल्या की खुश असतात. आज बसल्या नव्हत्या.’

यजमान शनिवारी हे सारे ऐकत आणि म्हणत, ‘या खोलीत तिघी राहतात. पाणी कुणाकडे मागायचं, तेच मला समजत नाही.’

दुसऱ्या वर्षी ती दुसरीत गेली आणि वाचन, गणित, पाठांतर यांत पुढे राहिली. आईबरोबर रोज तासभर चालणाऱ्या मुलीचे पाढे पाठ होणारच. पण एका पालकसभेत शाळेच्या समितीवरचे एक गृहस्थ सर्वांदेखत म्हणाले, ‘काय वो बाई, पेपर घरूनच सोडवून येती का पोरगी?’ लोक हसले. मीही हसले. त्यांनी ते सहज म्हटले होते. मी मात्र ते मनाला लावून घेतले. त्या दिवसापासून मी मुलीचा वर आलेला हात सर्वांत शेवटी पाहू लागले. तिच्या पाटीवरची चूक मोठ्याने दाखवू लागले. आपण निःपक्षपाती आहोत हे दिसावे, यासाठी मी रोज थोडा थोडा पक्षपात तिच्याविरुद्ध करत होते. त्या वेळी मी त्याला काटेकोरपणा म्हणत असे.

अशात घोडेगावला कथाकथनाची स्पर्धा असल्याचे पत्र आले. लहान गटातून प्रत्येक शाळेने एकच मूल पाठवायचे होते. मी वर्गात सर्वांना एकेक गोष्ट सांगायला लावली. बहुतेकांनी पुस्तकातल्या सांगितल्या. माझ्या मुलीने स्वतः रचलेली सांगितली. भातखाचरातला एक खेकडा बाजारात चपला घ्यायला जातो. दुकानदार विचारतो, किती जोड देऊ? खेकड्याला आपले पाय मोजता येत नाहीत. दुकानदार मोजायला लागतो, तर खेकडा तिरका चालू लागतो आणि मोजणी चुकते. मुलगी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी चालत होती आणि दुकानदार होऊन पुन्हा एकपासून सुरुवात करत होती. शेजारच्या वर्गातले गुरुजी खडू हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. मुले बाकांवर आडवी पडून हसत होती. मलाही हसू आवरले नाही.

मग मी दुसऱ्याच मुलाचे नाव पाठवले. तो त्या समितीवरच्या गृहस्थांचा मुलगा होता. त्याने पाठ केलेली गोष्ट न चुकता म्हटली होती. तेवढे कारण मला पुरले.

त्या संध्याकाळी ती पुढे पळाली नाही. माझ्यामागून साकव ओलांडला, आणि पलीकडे आल्यावर माझा पदर धरून म्हणाली, ‘आई, तू बाईंना सांगशील का, मला पाठवा म्हणून?’

‘सांगते हं,’ मी म्हणाले. मला गंमत वाटत होती. गुरुजींना हे कधी एकदा सांगते, असे झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिने विचारले, ‘बाई काय म्हणाल्या?’

‘त्या म्हणाल्या, सगळ्यांना संधी मिळायला हवी.’

‘तू कधी विचारलंस?’

‘सकाळी.’

‘सकाळपासून तर मी वर्गातच होते. तू काही विचारलं नाहीस.’

‘मनात विचारलं.’

‘म्हणजे त्या मनातच नाही म्हणाल्या?’

‘हो.’

‘मोठ्यानं विचारायचं ना, आई. मला ऐकू येईल असं.’

मी हसले. खरे तर वाटेतच थांबून हसले, कारण दुसरीतल्या मुलीने मला इतके अचूक पकडले होते. ती हसली नाही. माझे हसणे संपेपर्यंत ती वाट पाहत राहिली. मग पुढे चालू लागली.

स्पर्धेच्या दिवशी तो मुलगा तिसऱ्या वाक्याशी अडला. एवढी माणसे त्याने एकत्र कधी पाहिली नव्हती. तो खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘बाई, मला घरी जायाचंय.’ परतीच्या एसटीत तो माझ्या मांडीवर झोपला. माझा निःपक्षपातीपणा सिद्ध करण्यासाठी मी त्यालाही वापरले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. थांब्यावर त्याचे वडील उभे होते. पोराला खांद्यावर घेत ते म्हणाले, ‘न्हाई जमलं व्हय? जाऊ द्या. तुमच्या पोरीलाच न्यायाला पायजे व्हतं, बाई. ती लई झाक सांगती. आमचं ह्ये घरी रोज तिची नक्कल करून दावतंय.’

ज्यांच्या एका वाक्याला मी इतके महिने भीत होते, त्यांना ते वाक्य आठवतही नसावे.

मुलीने मला स्पर्धेविषयी एकच प्रश्न विचारला, ‘तो रडला का?’ नाही म्हटल्यावर ती ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर तिने साकवाच्या या बाजूला एकही तक्रार आणली नाही. बाईंचा विषयच निघेनासा झाला. आम्ही पाढे म्हणत घरी येऊ लागलो. मुलगी समंजस झाली, असे मी यजमानांना सांगितले.

‘मनातच नाही म्हणाल्या?’ हे मात्र मी वर्षानुवर्षे सांगत राहिले. गुरुजींना सांगितले, प्रशिक्षणाला जमलेल्या शिक्षिकांना सांगितले, तिच्या लग्नात व्याह्यांना सांगितले. लोक नेहमी हसत. चांगली गोष्ट सांगण्याचे कौतुक मला मिळत राहिले. मुलगी समोर असली, तर तीही माफक हसे आणि काहीतरी आणायला आत जाई. ती आपले निर्णय मला कळवत असे. कोणती शाखा घेतली, ते अर्ज भरून झाल्यावर कळले. नोकरी सोडल्याचे दुसरी मिळाल्यावर. मी कधी तक्रार केली नाही. तक्रार करण्याजोगे त्यात काही नव्हते, सगळे निर्णय योग्यच होते.

निवृत्तीनंतर आम्ही जुन्नरला राहायला आलो. गेल्या मे महिन्यात मुलगी तिच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आठवडाभर राहायला आली. एका दुपारी नातू आणि मी सापशिडी खेळत होतो. त्याला पाच पडले. तो पाच घरे मोजून शिडीवर पोहोचला. मी त्याची सोंगटी एक घर पुढे सरकवली. ती शिडी ओलांडून सापाच्या तोंडात गेली. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, ‘आई, आजी चीटिंग करते.’

मुलीने गॅस बंद केला. हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तो तिच्या मागे, तिचा कुर्ता धरून.

‘आई,’ ती मला म्हणाली, ‘याचं म्हणणं असं आहे, की त्याला पाच पडले आणि तू सहा घरं चालवलीस. खरं आहे का?’

मला हसू आले.

‘हसू नकोस,’ ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘तो उत्तराची वाट बघतोय.’

मी चष्मा लावला आणि घरे पुन्हा मोजली. तो ज्या घरात उभा होता, ते घरही त्याने मोजले होते. मी बोट ठेवून तसे दाखवले. मुलीने वाकून स्वतः एकदा मोजले आणि त्याच्याकडे वळली. ‘आजी म्हणते, तू उभा होतास ते घरही मोजलंस. मी पाहिलं. तिचं बरोबर आहे.’

त्याने पटाकडे पाहिले. ‘बरं,’ म्हणाला, सोंगटी सापाच्या शेपटीशी आणून ठेवली, आणि फासा माझ्या हातात दिला. खटला हरूनही तो खुशीत होता. मुलगी गॅस पेटवायला परत गेली.

माझ्या पुढच्या चाली त्यानेच खेळल्या. माझे लक्ष पटावर नव्हते.

संध्याकाळी तो आजोबांबरोबर बाहेर गेल्यावर मुलगी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. आम्ही दोघी घड्या घालू लागलो. मी तिला म्हणाले, ‘ती खेकड्याची गोष्ट शाळेत सगळ्यांत चांगली झाली होती. मला तेव्हाही ठाऊक होतं.’

‘तुला ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘तू हसत होतीस की सगळ्यांबरोबर.’

‘मग तू पुन्हा का नाही विचारलंस?’

तिने हातातला टॉवेल झटकला, टोकाला टोक जुळवले. ‘आई, नाव पाठवून झालं होतं. ते बदलणार नाही, हे मला कळत होतं. मला फक्त तू माझ्यासाठी भांडलेलं ऐकायचं होतं. बाई नाही म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं मला.’

‘चुकलं माझं,’ मी म्हणाले.

ती ‘हं’ म्हणाली. मग म्हणाली, ‘पण ती मनात विचारल्याची गोष्ट आता लोकांना सांगू नकोस.’

मी नाही सांगणार म्हणाले. इथे लिहिण्याआधी तिला विचारले, मोठ्याने विचारले. ती म्हणाली, ‘लिहायची तर तू हसलीस, तेही लिही.’