मिस्बाहचं तिसरं प्रकरण

मिस्बाह सकाळी राजापेठेतल्या एका क्लासमध्ये दहावीच्या पोरींना इंग्रजी शिकवायची आणि दुपारी शंभर वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये जाऊन बसायची. वडील नव्हते, आई नईमा कपडे शिवायची. पीएचडीला तिनं विषय घेतला होता, आधुनिक चिनी साहित्यातला वास्तववाद आणि स्वच्छंदतावाद. लोक हसायचे. तिला मात्र त्या भांडणाचं वेड लागलं होतं. एक गट म्हणे, दबलेल्या माणसाचं जगणं आहे तसं मांडा. दुसरा म्हणे, आधी आमच्या काळजातली आग बोलू द्या.

चार वर्षांत पाच प्रकरणं झाली. प्रत्येकाच्या दोन प्रती ती मार्गदर्शक चंद्रभान सरांकडे न्यायची. एकीवर सही-तारीख करून ते परत द्यायचे, दुसरी ठेवून घ्यायचे. मग एक दिवस सरांचं जाडजूड पुस्तक आलं. मिस्बाहनं ते दुकानात उभ्या उभ्या चाळलं. वाक्यं तिची होती. स्वल्पविरामसुद्धा तिचे. आभारात मात्र नाव नव्हतं.

ती सरांकडे गेली.

"तुयं काय आहे त्यात?" सर हसले. "चीन तुया बापाचा आहे का? गुमान प्रबंध पुरा कर. सही मलेच करायची आहे."

बापाचं नाव काढलं, तिथंच तिचं ठरलं. रडली नाही. घरी येऊन पुस्तक ओळ न ओळ वाचलं. तिसऱ्या प्रकरणात तिला स्वतःचीच जुनी चूक सापडली. पहिल्या खर्ड्यात तिनं क्रांतिकारी साहित्याच्या घोषणेचं श्रेय वास्तववाद्यांना दिलं होतं. खरं तर कलेसाठी कला म्हणणारे स्वच्छंदतावादीच पुढं मत बदलून क्रांतीकडे वळले आणि ती घोषणा त्यांनीच सगळ्यांत जोरात दिली. चूक तिनं नंतर दुरुस्त करून नवी प्रत सरांना दिली होती. सरांनी ती उघडलीच नव्हती.

सात महिने ती "नमस्कार सर" म्हणत राहिली. मग अकोल्याच्या चर्चासत्रात सरांचं बीजभाषण झालं, टाळ्या पडल्या, आणि मिस्बाह उठली.

"सर, क्रांतीची घोषणा वास्तववाद्यांनी दिली, हे तुमाले कुठं सापडलं?"

"मूळ साधनांत," सर तोऱ्यात म्हणाले.

"नाही सर. माह्या खर्ड्यात सापडलं. ती चूक माही आहे." तिनं त्या पहिल्या खर्ड्याची सही-तारखेची प्रत मंचावर अध्यक्षांपुढं ठेवली. "पुस्तक निघायच्या दोन वर्षं आधीची तारीख आहे. बाकीची चार प्रकरणं पिशवीत आहेत."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो हातातच राहिला. मिस्बाह त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तो चेहरा तिला पुरता बघून घ्यायचा होता.

मिस्बाहच्या लेखी तक्रारीवरून विद्यापीठात चौकशी बसली. तेव्हा सर स्वतः घरी आले, दारात चपला काढून उभे राहिले.

"पोरी, तक्रार मागं घे. दोन वर्षांनी रिटायर होऊन राहिलो मी."

"बेटा, पानी तो पूछ," आतून नईमा म्हणाली.

"नको अम्मी. सर निघूनच राहिले."

चौकशीनंतर पुस्तक बाजारातून परत घेतलं गेलं, सरांचं मार्गदर्शकपद गेलं. मिस्बाहला अकोल्याच्या पौर्णिमा मॅडमकडे नव्यानं नोंदणी मिळाली. चार वर्षं पाण्यात गेली ती गेलीच. कुणी विचारतं, सरांची कीव नाही का आली? ती सरळ सांगते, "नाही. आजही नाही येत."