घट्ट झाकणाची डबी

दिगंबरच्या हातात देव आहे, असे आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे म्हणत आले. दिगंबर म्हणजे मी, आणि ही बातमीही मीच पसरवली होती.

माझे काम चांदीचा थर चढवण्याचे. सिलिकॉनची सुई, टोक केसाहून हजारपट बारीक. ती हवा काढलेल्या भांड्यात ठेवायची आणि चांदीची वाफ करून त्या टोकावर बसवायची. मग टोकावर लेझर सोडला की त्याखालचे चार रेणू आपली ओळख सांगतात. चांदी काळवंडली की रेणू गप्प.

आमच्याकडची विद्यार्थिनी कादंबरी, तिच्या पीएच.डी.चे शेवटचे प्रकरण या चार रेणूंवर अडले होते. तपासणीचे यंत्र दुसऱ्या संस्थेत, आणि तिला तिथले चारच मंगळवार मिळालेले. मी सोमवारी सुया तयार करून कात्रजला घरी नेई आणि मंगळवारी सकाळी स्वारगेटला तिच्या हातात डबी देई. लॅबच्या डब्या संपल्या होत्या. पण घरात घट्ट झाकणाची डबी रिकामी असताना नवी मागवायची, हे माझ्या रक्तात नाही. साबणाने तीनदा धुतली. वास घेतला, तर काही आला नाही. माझे नाक वीस वर्षे तपकिरीला वाहिलेले आहे, हे तेव्हा आठवले नाही.

तीन मंगळवार गेले. तिन्ही वेळा चांदी काळी.

आता देवाचा हात तर चुकणार नाही. कादंबरीच्या वडिलांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा. पहिल्याच मंगळवारनंतर मी तिला बसवून रसायनशास्त्र शिकवले होते. "अगं, कांद्यात गंधक असते. गंधक म्हणजे चांदीचा काळ. हात नीट धुऊन येतेस ना?"

तिने मान खाली घातली. दुसऱ्या मंगळवारपासून दोन-दोन हातमोजे घालून येऊ लागली. मला माझ्याच विद्वत्तेचे कौतुक वाटले.

चौथ्या मंगळवारच्या आधीचा रविवार. हेमा, म्हणजे आमची सौ., माझी पिशवी आवरत होती.

"अहो, ही हिंगाची डबी तुमच्याकडे कशी? मी महिनाभर शोधतेय."

"धुतलीय मी ती."

"हिंगाची डबी धुऊन वास जातो, हे तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

हिंगात गंधक असते. हेही मला ठाऊक होते. कांद्यापेक्षा अंमळ जास्तच.

त्या सोमवारी सुया काचेच्या बंद बशीतून नेल्या. मंगळवारी दुपारी कादंबरीचा फोन आला. "काका, रेणू दिसले. हात पाच वेळा धुतले होते."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघाले, त्याची लाज अजून गेलेली नाही.

शुक्रवारी माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि पुन्हा तो हातातला देव. मला ऐकवेना. मी उठलो, खिशातून डबी काढली, सगळी हकीकत सांगितली आणि डबी सगळ्यांना हुंगायला दिली. लोक पोट धरून हसले. कादंबरीने शेवटी हुंगली. ती हसली नाही.

"काका, मी महिनाभर बाबांच्या गाळ्यावर गेले नाही," ती म्हणाली. "त्यांनी दोनदा विचारलं. मी कारण सांगितलं नाही."

मी हात जोडले. तिने डबीचे झाकण लावले आणि परत दिली.

रविवारी मी मार्केट यार्डात गेलो. ती वडिलांशेजारी बसली होती, हाताला कांद्याची टरफले चिकटलेली. मी दोन किलो मागितले. तिने तोलले, वर एक कांदा टाकला आणि माझ्याकडे पाहिले.

"पिशवी आणलीय, की डबीत भरू?"