माझ्याही वहीत तेच होतं
काल माझ्या वर्गात ओल्या फडक्याला लागलेल्या खडूचा वास आला आणि मी थेट मेहकरच्या शाळेत जाऊन पोचलो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आम्ही अकरावीत होतो.

गुरुजींनी (१, ३) हा बिंदू आणि चढ २ दिला होता. त्या रेषेचं समीकरण लिहायचं होतं. भाजीवाल्या माळ्याच्या किसननं फळ्यावर लिहिलं, य − ३ = २(क्ष − १), आणि खडू खाली ठेवला.

"कंस कोण सोडवणार? बाजारात भाजी अर्धीच निवडून आणता काय रे?" गुरुजी म्हणाले. वर्ग हसला.

"बिंदू देला, चढ देला, रेष सापडली गुर्जी. आता कायले सोडवू?"

"पूस ते."

"नाही पुसत. बरोबर हाय."

मी मॉनिटर. गुरुजींनी फडकं माझ्याकडे फेकलं. किसन म्हणाला, "तुह्या वहीत बी हेच हाय ना बे? सांग ना!"

होतं. आकड्याला आकडा तेच होतं. मी वही मिटली आणि फळा पुसला. किसन तासभर बाहेर उभा राहिला, ताठ मानेनं. फळा पुसण्याला मी शिस्त म्हणत आलो. तो माझा भित्रेपणा होता.

काल एका मुलीनं फळ्यावर तशीच ओळ लिहून सोडली. मुख्याध्यापक आत आले नि म्हणाले, "अर्धवट आहे सर, पुसा."

"नाही पुसणार. बरोबर आहे," मी म्हणालो. आणि सगळ्या वर्गासमोर किसनचं नाव घेऊन सांगितलं, की त्या दिवशी माझ्याही वहीत तेच होतं.