गांगुर्डे मॅडमची खात्री

गांगुर्डे मॅडम कुणाला काही पाठवलं की लगेच फोन करायच्या. "मिळालं का? उघडून बघा बरं." समोरचा कंटाळून "मिळालं" म्हणाला, तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही या सवयीची पाठीमागे भरपूर टिंगल करायचो, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत.

त्या वर्षी आम्ही मुलींच्या एका वसतिगृहाची वेबसाइट केली होती. मुलींनी प्रवेशासाठीचे दाखले साइटवर चढवायचे, त्या भागाचा कोड मी पीएचपी या भाषेत लिहिला होता. फाइल मागच्या मागे सर्व्हरकडे जात राहील आणि माणूस तोवर खुशाल फॉर्म भरेल, अशी सोय मी केली होती. बटण दाबलं की हिरव्या अक्षरांत 'दाखला पोहोचला' असं यायचं. मला त्याचं फार कौतुक होतं.

दाखले द्यायच्या शेवटच्या दिवशी चार वाजता मॅडम आलेल्या दाखल्यांची यादी तपासत होत्या. "अरे, हरसूलकडच्या या मुलीचा दाखला कुठंय?" तिची निवड झाली होती, पण साडेपाचपर्यंत दाखला आला नसता तर जागा दुसरीला गेली असती. मी कोड उघडला. माझं हिरवं वाक्य फाइल निघताक्षणी उमटत होतं. ती वाटेत अडकली तरी कुणाला पत्ता लागत नव्हता.

मॅडमनी मुलीच्या वडिलांना फोन लावला.

"पोचला आसं आलं व्हतं ना म्याडम, म्हनून टेकडी उतरून घरी आलो. हितं बोलनं व्हतंय, नेट नाय."

"चूक आमची आहे दादा, तुमची नाही. परत वर जाता का? मी इथंच बसलेय."

चूक नेमकी कुणाची, ते मॅडमनी ना मुलीच्या वडिलांना सांगितलं, ना आमच्या साहेबांना. मला एवढंच म्हणाल्या, "ते वाक्य काढ आधी." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सव्वापाच झाले तरी यादीत काही नाही. मग एकदम फाइल आली. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानेच बसवलं. फाइल उघडली, मोठी केली, नाव वाचलं, शिक्का वाचला आणि मग फोन केला. "दादा, दाखला मिळाला. आता सावकाश उतरा."

मी खुर्चीत मागे टेकलो. इतका मोकळा श्वास मी त्या ऑफिसात कधी घेतला नव्हता. फोनवर आता मुलगी आली होती.

"म्याडम, मंग मी पेटी भरू?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भर, बाई," त्या म्हणाल्या.