सिद्धरामाच्या अंगातलं मेंढरू

मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं रान म्हणजे नुसता खडक आणि कुसळ, तिथल्या एका वस्तीवर सिद्धराम राहतो. आज त्याचं वय अठ्ठावन्न. पण ऐन उमेदीत तो मेंढरं कातरायला बसला, की माणसं हातातली कामं टाकून बघायला यायची. एकदा शाळेचे मास्तर आले, मेंढरू सिद्धरामाच्या मांडीखाली गेलेलं पाहिलं आणि निवांत तंबाखू मळायला लागले. चिमूट तोंडात टाकायच्या आत मेंढरू नागडं होऊन पळालं. मास्तर म्हणाले, "सिद्धराम, माझी तंबाखू अजून कच्ची हाय की रं!"

त्यात त्याची आणखी एक ऐट होती. कातरताना तो मेंढराकडं बघायचाच नाही. समोरच्याच्या तोंडाकडं बघून गोष्टी सांगायचा, हात आपले आपण चालायचे. कातर कुठं वळवायची, कातडं कुठं पातळ, हे बोटांना ठाऊक. या ऐटीनंच त्याचा घात केला.

गोष्ट चोवीस वर्षांमागची. दिवाळी होऊन गेलेली. धनगरवाड्यात कातरणीचा दिवस म्हणजे लग्नाघरची गडबड. दहा-बारा कातरणारे जमतात, बायका चुलीवर बसतात, दुपारी पंगत उठते. सिद्धरामानं आदल्या दिवशीच पैज मारून ठेवली होती, "तुमी याल तवर माजी दहा झालेली असतील." दिवस उगवायच्या टायमाला तो एकटाच वाघरीत शिरला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. हाताला येईल ते मेंढरू ओढायचं आणि कातरायचं. ऐकायला कोणी नव्हतं, तरी सवयीनं आभाळाकडं तोंड करून स्वतःशीच गोष्ट सांगत होता.

सहावं मेंढरू. उजवी बाजू झाली, उलटं केलं, मानेवरनं कातर फिरवली आणि कटकन काहीतरी तुटलं. त्यानं खाली बघितलं. काळ्या लोकरीचा गोफ आणि गोफात ओवलेली कवडी.

ते बिरोबाचं मेंढरू होतं. प्रत्येक वाड्यात एक मेंढरू देवाला सोडलेलं असतं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याच्या अंगाला कातर लावायची नाही. म्हातारं होऊन मरेल तेव्हा मरेल.

त्यानं गोफाला गाठ मारली, कातरलेली लोकर ढिगात खाली दाबली आणि मेंढरू सोडून दिलं. पण कातर लागलेलं मेंढरू सुटलं की धूम पळतं, ते पळालं नाही. उजव्या अंगानं भुंडं, डाव्या अंगानं लोकरीचं, असं ते उभं राहिलं आणि त्याच्याकडं बघत राहिलं.

तेवढ्यात माणसं आली. आता सांगावं, पाय धरावेत, असं त्याच्या मनात आलंही. पण पुजारी म्हाळाप्पा पुढं झाला, मेंढराभोवती एक फेरी मारली आणि मूठभर भंडारा उधळून ओरडला, "आरं, देव येऊन गेला! आपल्या हातानं आपली अर्धी लोकर घिऊन गेला!" झालं. ढोल निघाले. नारळ फुटले. सगळ्यात मोठा नारळ सिद्धरामानं फोडला.

ते मेंढरू पुढं सात वर्षं जगलं. उजव्या अंगाची लोकर नीट अशी परत आलीच नाही, विरळ आणि वाकडी आली. सिद्धराम जेवायला बसो, दोर वळत बसो, ते येऊन चार हातांवर उभं राहायचं. ओरडायचं नाही. नुसतं उभं.

पुढच्या श्रावणात सिद्धरामाच्या उजव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा उठला. लालसर, वर पांढरे पापुद्रे. खरवडलं की कोंड्यासारखं झडायचं, दोन दिवसांत पुन्हा तसंच. मग डावं कोपर, मग गुडघे. सिद्धरामाला कोणी सांगायची गरज पडली नाही. कातरलेली लोकर आता आपल्या अंगावर उगवतेय, एवढं तो समजला. त्या दिवसापासून त्यानं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला तो चैत्रातसुद्धा उतरवला नाही. माणसं चेष्टा करायची, "सिद्धराम सायेब झाला की!" तोही हसायचा.

बायको मायाक्का मोठी बोलकी आणि चिकट बाई. दोन वर्षं मागं लागून तिनं त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मलम मिळालं. चट्टे निवळले. आणि त्याच हिवाळ्यात उजव्या हाताचं पहिलं बोट सुजलं. सांधाच नाही, अख्खं बोट, गाजरासारखं. सकाळी मूठ वळेना. दिवस कासराभर वर आला की बोटं सुटायची.

इथं सिद्धरामानं आपला हिशेब केला. बाहेरचं दार मलमानं बंद केलं, म्हणून ते आत शिरलं. त्यानं मलमाची डबी ओढ्यात भिरकावली. आणि त्याहून वाईट विचार मागनं आला, तो काही केल्या गेला नाही. ह्याला आपल्या अंगातनं पार हुसकलं, तर ते जाणार कुठं? घरात दुसरं पुरुषाचं अंग एकच, पोरगा बाळासो. तेव्हा अकरा वर्षांचा. सिद्धराम वाघरीजवळ जाऊन हात जोडून म्हणाला, "मी हाय तवर ह्यातच ऱ्हा. तिकडं जाऊ नगं."

आणि ते राहिलं. टाचेत उतरलं, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पडल्यासारखं. कंबरेत बसलं. पाचव्या वर्षी कातर दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली. टाचेला चपलेत चिंधी, कंबरेला तेल, बोटांना शेक. जागा तितके उपाय. हे सगळं एकच आहे, हे साऱ्या वस्तीत फक्त सिद्धरामाला कळलं होतं, आणि त्यात त्याचं चुकलंही नव्हतं. चुकलं होतं ते आत कोण शिरलंय एवढंच. पण देवाची आणि आपली गोष्ट बाहेर बोलायची नसते, म्हणून तो गप्प.

यंदा फाल्गुनात डावा डोळा लाल झाला. उजेड मिरचीसारखा झोंबायचा. आठ दिवसांत पुढं धुकं आलं. मायाक्का म्हणाली, "आता म्या ऐकायची न्हाय," आणि त्याला एसटीत घालून सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव दानेश्वरी. अक्कलकोटकडच्या, मराठीत मधूनच कानडी हेल. त्यांनी त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेडाची बारीक चीर टाकली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा सोडून त्याच्या हाताकडं बघितलं. बोटं धरली, नखांवरनं अंगठा फिरवला. नखांना बारीक बारीक खळगे होते, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तान्यासारखे.

"काका, कोपरावर पांढऱ्या पापुद्र्याचे चट्टे आहेत ना?"

सिद्धरामाच्या बाह्या मनगटापर्यंत. त्यानं त्या आणखी खाली ओढल्या.

"सकाळी उठलं की बोटं आखडतात? तासभर?"

तो मायाक्काकडं वळला. "बाईस्नी कुणी सांगितलं?"

"बिरोबाची आण, म्या न्हाय!"

"टाच दुखते? पहिलं पाऊल?"

सिद्धराम स्टुलावरनं उठला आणि बाईंच्या पाया पडायला वाकला. कंबर वाकेना, अर्ध्यातच अडकला. तिथूनच म्हणाला, "तुमाला दिसतंय न्हवं ते? माज्या मागं उभं हाय का आत?"

"काय उभं आहे?"

आणि चोवीस वर्षांत जे बायकोला सांगितलं नव्हतं, ते त्यानं डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं. पैज, गोफ, कवडी, नारळ, सगळं. मायाक्का जन्मात पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती.

दानेश्वरीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडं राखणीची कुत्री असतात की. एखादं कुत्रं बिघडलं, तर लांडगा सोडून आपल्याच मेंढरांना चावत सुटतं. तसं झालंय. अंगाची राखण करणारंच अंगाला चावतंय. कातडीवर दिसतं, त्याला सोरायसिस म्हणतात. काहींना तेच सांध्यात होतं, टाचेत होतं, डोळ्यातही. तुमच्या मलमानं ते आत ढकललं नाही. ते आतनंच होतं. आता थेंब लिहून देते, रोजचे रोज घाला, नाहीतर हा डोळा जाईल. सांध्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. रक्तदाब, साखर, काळीज, हेही तपासून घ्यायचं, ह्या आजारात त्यांच्यावरही ताण येतो. घरात आणखी कोणाला होतं? वडिलांना?"

"न्हाय," सिद्धराम पटकन म्हणाला.

"अवो, खोटं कशाला?" मायाक्काला वाचा फुटली. "माझ्या सासऱ्याला हुतं की! सगळं अंग सोलायचं. वाकून चालायचा, एक डोळा पांढरा झालता. म्या लगीन हून आले तवा बघितलाय."

सिद्धरामाचा बाप वारला तेव्हा सिद्धराम वीस वर्षांचा होता. कातरणीच्या त्या दिवसाच्या चौदा वर्षं आधी. तेव्हा ते मेंढरू जन्मलंसुद्धा नव्हतं.

एसटीत मायाक्का म्हणाली, "बगा, सुटलासा. देवाचा काय संबंध न्हाय." सिद्धराम खिडकीला डोकं टेकून बसला होता. सुटल्यासारखं वाटत नव्हतं. बापाला महारोग झालाय म्हणून वस्तीनं त्याला वाघरीपलीकडं वेगळं खोपट घालून दिलं होतं. पोरगा सिद्धराम भाकरी घेऊन जायचा, दगडावर ठेवायचा आणि पळून यायचा. बाप खोपटाच्या दारात उभा राहायचा. ओरडायचा नाही. नुसता उभा. एक डोळा पांढरा. चोवीस वर्षं पाठीवर मेंढराची नजर होती असं त्याला वाटत होतं. आता त्या नजरेला बापाचं तोंड आलं.

आणि मग दुसरी गोष्ट आठवून तो ताठ झाला. "मायाक्का, बाळासो चपलेत चिंधी का घालतो गं?"

"टाच दुकती म्हनं. मोटारसायकलीला लई किका मारतो." तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि तिलाही उमगलं.

बत्तीस वर्षांचा बाळासो दुसऱ्या दिवशी वाघरीत पाणी पाजत होता. सिद्धराम म्हणाला, "सोलापूरला चल. डोळं दाखवायचं."

"माझं डोळं चांगलं हायत की, आबा."

"मग डोकं दाखव. कोंडा पडतोय न्हवं?"

"कोंड्याला कोण सोलापूरला जातंय! आन् टाचेला म्हाळाप्पाकडनं अंगारा आनलाय. तुमी तरी चोवीस वर्षं कुठं गेलासा डाक्टरकडं?"

सिद्धरामानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. भर दुपारी, चार माणसं बघत असताना. पोरानं जाणत्या वयात बापाची कोपरं कधी बघितलीच नव्हती. मग त्यानं सांगितलं, देव त्या दिवशी आला नव्हता. मीच होतो.

चार माणसांत म्हाळाप्पाचा पुतण्याही होता. त्यानं दोन्ही कान झाकून घेतले. बाळासोनं हातातलं पाण्याचं घमेलं खाली ठेवलं. म्हणाला, "आन् म्या त्या मेंढराच्या समाधीवर दर दिवाळीला नारळ फोडतोय!"

"फोड की. त्याचा काय दोष न्हाय."

"म्हाळाप्पा तुमाला वाळीत टाकील, आबा."

"टाकू दे. तू चल."

बाळासोनं उजव्या पायातली चपल काढली. मधलं बोट सुजलेलं, अख्खं. "दोन म्हैने झालं. आईला बोललो न्हाय," तो म्हणाला.

आठ दिवसांनी दोघं दवाखान्यात. सिद्धरामाच्या डोळ्यातलं धुकं थेंबांनी पातळ झालं होतं, खिडकीच्या गजांवरची धूळसुद्धा दिसत होती. सांध्यांच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. बाळासोला आत नेलं. सिद्धराम बाहेर बाकावर. शेजारची जागा रिकामी होती, तरी त्यानं अंग चोरून घेतलं, कोणाला तरी बसायला जागा द्यावी तसं. बापाची भाकरी दगडावर ठेवून पळायचा, तसा ह्या खेपेला मात्र तो पळाला नव्हता.

पडद्याआडून बाईंचा आवाज येत होता.

"डोक्यात पापुद्रे?"

"व्हय."

"टाच?"

"व्हय."

"सकाळी कंबर आखडते?"

"व्हय, थोडी."

प्रत्येक 'व्हय'ला सिद्धरामाची सुजकी बोटं बाकाच्या कडेवर घट्ट होत होती. मग यंत्र सरकल्याचा आवाज आला. पंखा फिरत होता. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघायचं त्याला धाडस होईना.

"डोळे लाल होतात? उजेड झोंबतो?"

"न्हाय."

बाई म्हणाल्या, "मलाही काही दिसत नाही. डोळे स्वच्छ आहेत. लवकर आलात."

सिद्धराम उठून पडद्यापाशी गेला. आत गेला नाही. बाहेरूनच म्हणाला, "बाई, पुन्यांदा एकदा बगा."


"बघते," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा बघितलं.